‘दादा, परत कधी?’

रविवारी पहाटे कसाऱ्याची किंवा कर्जतची पहिली लोकल सुटण्याआधी फलाटावर एक ओळखीचं दृश्य दिसतं. पाठीवर फुगलेल्या सॅक, पायात जाड तळाचे बूट, एका हातात चहाचा कप, आणि उशीर करणाऱ्या एखाद्याच्या नावाने चाललेला शंख. ट्रेकर मंडळी डोंगरावर निघालेली असतात. त्याच फलाटाच्या टोकाला, जिन्याखाली, काही मुलं अजून अंगाचं मुटकुळं करून झोपलेली असतात. गाड्यांचं वेळापत्रक त्यांना ट्रेकरांपेक्षा पक्कं पाठ असतं. कर्जत-कसाऱ्यापर्यंत ती कितीदा तरी जाऊन आलेली असतात, पण स्टेशनाबाहेर पडून समोरचा डोंगर चढलेली नसतात. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण त्यांच्यासाठी निराळ्याच अर्थाने खरी ठरते. त्यांच्या वाट्याला डोंगर येतो तो फक्त दुरून.

हे दोन घोळके दर आठवड्याला एकमेकांच्या शेजारून जातात. एकाला वाटा ठाऊक आहेत, पावसाचा अंदाज आहे, रविवार मोकळा आहे. दुसऱ्याकडे चपळाई आहे, कुतूहल आहे, आणि विश्वास ठेवावा असं मोठं माणूस जवळपास कुणी नाही. या दोघांची गाठ घालून दिली तर?

कल्पना भाबडी वाटेल, पण ती जगात निरनिराळ्या रूपांत शे-दीडशे वर्षं करून पाहिलेली आहे. कुठे ती जमली, कुठे फसली, तर कुठे तिने नुकसानही केलं. या साऱ्याकडे नीट पाहिलं की एक साधी गोष्ट ध्यानात येते. मुलाला डोंगरावर एकदा नेणं सोपं असतं, अवघड असतं ते दुसऱ्यांदा येणं. आणि सगळी किमया त्या दुसऱ्या खेपेत असते.

खेतवाडीतला पोरका मुलगा

सुरुवात मुंबईतल्याच एका मुलापासून करू. १८९६ साली जन्मलेला हा मुलगा वर्षाचा असताना वडील गेले, तीन वर्षांचा असताना आई गेली. खेतवाडीत मामा-मामींनी त्याला भावंडांसह वाढवलं. घर खातंपितं होतं, त्यामुळे आजच्या भाषेत त्याला ‘वंचित’ म्हणता येणार नाही. पण शाळेत त्याचं लक्ष नसे आणि हातात छऱ्यांची बंदूक असे. एकदा त्याने एक चिमणी पाडली. नेहमीच्या चिमणीसारखीच, पण गळ्यावर पिवळा ठिपका. ही कुठली चिमणी, हे मामांना सांगता येईना. त्यांनी भाच्याला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत, म्हणजे बीएनएचएसमध्ये पाठवलं.

तिथे डब्ल्यू. एस. मिलार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ सोसायटीचे मानद सचिव होते. ‘मानद’ हा शब्द इथे महत्त्वाचा. पोटापाण्याचा त्यांचा उद्योग मद्यविक्रीच्या पेढीत होता; सोसायटीचं काम ते बिनपगारी, हौसेने करत. पोरगेल्या पाहुण्याला त्यांनी दारातून वाटेला लावलं नाही. पक्षी ओळखून दिला आणि मग एकामागून एक खण उघडून भारतातले जतन करून ठेवलेले पक्षी त्याच्यापुढे मांडले. वाचायला पुस्तकं दिली. पक्ष्याचं कातडं सोलून टिकवून कसं ठेवायचं हे शिकण्याची सोय केली. पुन्हा येण्याची मुभा दिली, आणि मुलगा पुन्हा पुन्हा येत राहिला. तो मुलगा म्हणजे सालिम अली. १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ असं नाव दिलं, ते त्याच चिमणीवरून.

सालिम अलींची गोष्ट आपण ‘एका चिमणीने आयुष्य बदललं’ अशी सांगतो. खरं तर चिमणी मुंबईत हजारो मुलांनी पाडली असेल. फरक पडला तो खण उघडून दाखवणाऱ्या माणसामुळे.

याला संशोधनाचाही आधार आहे. लुईस चावला या अमेरिकी अभ्यासिकेने १९९०च्या दशकात केंटकी आणि नॉर्वे इथल्या ५६ पर्यावरण कार्यकर्त्यांना विचारलं, की तुम्ही या वाटेला लागलात कसे? उत्तरांत दोन गोष्टी सतत येत राहिल्या. पहिली, लहानपणी मनसोक्त हुंदडायला मिळालेली एखादी मोकळी जागा. दुसरी, त्या जागेशी ओळख करून देणारं घरातलं किंवा जवळचं मोठं माणूस. जागा आणि माणूस या दोन चाकांवर ही गाडी चालते. एकच चाक असलं तर ती जागच्या जागी फिरते.

हवा, माणूस आणि आव्हान

ही दोन चाकं जोडली जायला बराच काळ लागला. १८७७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या शर्मन या छोट्या गावच्या विलार्ड पार्सन्स नावाच्या पाद्र्याने गावकऱ्यांना गळ घातली, की न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींतली मुलं उन्हाळ्यात थोडे दिवस आपल्या घरी ठेवून घ्या. तो क्षयाचा काळ होता आणि मोकळी हवा हेच औषध मानलं जाई. म्हणून उपक्रमाचं नावच ‘फ्रेश एअर फंड’ पडलं. तो आजही चालू आहे. त्यात मुलाला मिळे ती मुख्यतः हवा. सुट्टी संपली की मूल पुन्हा चाळीत.

१९०४ साली न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातला अर्नेस्ट कुल्टर हा कारकून दुसऱ्या टोकाने याच प्रश्नाला भिडला. त्याच्यासमोरून रोज पोरांची रांग जाई. चोरी, मारामारी, पळून जाणं. त्याच्या लक्षात आलं, की यातल्या बहुतेकांच्या पाठीशी एकही भलं मोठं माणूस नाही. त्याने शहरातल्या बऱ्या स्थितीतल्या पुरुषांना आवाहन केलं, की तुमच्यातल्या एकेकाने एकेक मुलगा सांभाळा. पैसे देऊन नव्हे, वेळ देऊन. ‘बिग ब्रदर्स’ चळवळ यातून उभी राहिली. इंग्रजीत त्यासाठी नाव शोधावं लागलं. आपल्याकडे शिबिरात पाऊल टाकल्याबरोबर मुलं अनोळखी कार्यकर्त्याला ‘दादा’ आणि ‘ताई’ म्हणू लागतात. नातं आधीच तयार असतं, ते निभावलं जातं की नाही एवढाच प्रश्न.

तिसरा धागा कुर्ट हान या जर्मन ज्यू शिक्षकाचा. हिटलरला उघड विरोध केल्याबद्दल १९३३ साली त्याला अटक झाली. सुटल्यावर तो ब्रिटनमध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याने स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढली. मग महायुद्ध आलं. पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांवरचे तरुण, धडधाकट खलाशी होडीत दम सोडतात आणि अनुभवी प्रौढ मात्र तगून राहतात, असं जहाज कंपनीचा मालक लॉरेन्स होल्ट याच्या पाहण्यात आल्याचं सांगितलं जातं. ताकद होती, पण आपण तगू शकतो हा अनुभव नव्हता. १९४१ साली वेल्सच्या किनाऱ्यावर ॲबरडोव्ही इथे दोघांनी मिळून सुमारे महिनाभराचा अभ्यासक्रम सुरू केला. समुद्र, डोंगर, बचावकार्य, आणि निरनिराळ्या थरांतली मुलं एका तुकडीत. बंदर सोडून खुल्या समुद्रात निघालेल्या जहाजाला खलाशी जे म्हणत तेच नाव त्याला दिलं, ‘आउटवर्ड बाउंड’.

पुढे हे तिन्ही धागे एकत्र विणले गेले. अमेरिकेतल्या सिएरा क्लब या जुन्या गिरिभ्रमण-पर्यावरण संस्थेच्या सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या सभासदांनी १९७१ साली वस्त्यांतल्या मुलांना रानात नेण्याचा उपक्रम सुरू केला. नेणारे सारे स्वयंसेवक, म्हणजे तिथले रविवारचे ट्रेकर म्हणा ना. १९८९ साली सुरू झालेल्या ‘बिग सिटी माउंटेनीअर्स’ने तर आठवडाभराच्या मोहिमेत जितकी मुलं जवळजवळ तितकीच मोठी माणसं असा दंडक घातला. एका शिक्षकामागे चाळीस मुलांची सहल आपण काढतो. त्या सहलीत मुलं मोजली जातात. इथे मुलं ओळखली जातात.

वाटेवर काय घडतं?

पण डोंगरच कशाला? हेच प्रेम एखाद्या खोलीत बसून देता येणार नाही का? देता येतं, आणि अनेक समुपदेशक ते देतातही. तरी वाटेवर काही गोष्टी सोप्या होतात, त्यांची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं कारण बसण्या-चालण्याचं. खोलीत मोठं माणूस समोर बसतं आणि डोळ्यांत पाहून ‘बोल बाळा’ म्हणतं. ज्या मुलाने समोरच्या मोठ्या माणसाकडून मार किंवा उलटतपासणीच अनुभवली आहे, त्याला ही बैठक पोलीस ठाण्यासारखी वाटते. पायवाटेवर दोघांची तोंडं एकाच दिशेला असतात. बोललं तरी चालतं, गप्प राहिलं तरी चालतं. ‘ते बघ, खेकडा’ असं म्हणून विषय बदलता येतो. म्हणूनच बहुतेक महत्त्वाच्या गोष्टी मुलं चढणीवर, अर्ध्या श्वासात, मध्येच बोलून जातात.

दुसरं कारण, डोंगर कुणावर रागावत नाही. बाटली भरून घ्यायची राहिली तर तहान लागते. ती तहान कुणी दिलेली शिक्षा नसते. ज्या मुलाच्या आयुष्यात प्रत्येक परिणाम कुणाच्या तरी लहरीवर अवलंबून होता – बाप प्यायला तर मार, शुद्धीत असला तर नाही – त्याला कारण आणि परिणाम यांची अशी सरळ गाठ प्रथमच दिसते. पुढच्या वेळी तो बाटली स्वतःहून भरतो, आणि हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

तिसरं कारण पारडं समसमान होण्याचं. वाटेवर दादालाही धाप लागते, ताईचाही पाय घसरतो. उलट रस्त्यावर वाढलेल्या मुलाची सावध नजर, जी शाळेत ‘चंचलपणा’ म्हणून वहीत नोंदली जाते, ती इथे गुण ठरते. पाचोळ्यात दडलेला सरडा त्याला सगळ्यांच्या आधी दिसतो. आपल्याला कुणाहून तरी जास्त दिसतं, हे कळायला अशा मुलाला एरवी जागाच नसते.

चौथं कारण लक्षाचं. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दाम्पत्याने लक्षाचे दोन प्रकार सांगितले. एक ओढून-ताणून द्यावं लागणारं लक्ष. गणित सोडवताना, रहदारीतून वाट काढताना लागतं ते. ते वापरून थकतं. दुसरं आपसूक लागणारं. पानांची सळसळ, वाहतं पाणी, मुंग्यांची रांग यांच्यावर ते काही न करता रेंगाळतं, आणि तेवढ्यात पहिल्याला विसावा मिळतो. अँड्रिया फेबर टेलर आणि फ्रान्सेस कुओ यांनी २००९ साली ७ ते १२ वयाच्या, अवधानाचा विकार असलेल्या १७ मुलांना वीस-वीस मिनिटं चालवून पाहिलं. कधी उद्यानात, कधी शहराच्या मध्यवस्तीत, कधी घरांच्या गल्ल्यांत. उद्यानातून आल्यावर मुलांचं चित्त अधिक एकाग्र झालं. १७ ही संख्या लहानच. पण डेन्मार्कमध्ये २०१९ साली नऊ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी उपग्रहांच्या चित्रांशी ताडून पाहिल्या, तेव्हा बालपणी सर्वांत कमी हिरवाईत वाढलेल्यांना मनोविकारांचा धोका सर्वाधिक हिरवाईत वाढलेल्यांपेक्षा ५५ टक्क्यांपर्यंत जास्त आढळला. घरची सांपत्तिक स्थिती हिशोबात धरूनही फरक उरला. अशा अभ्यासातून एक नक्की कारण सिद्ध होत नाही, पण झाडं ही चैन नसावी एवढं त्यातून नक्की सुचतं.

एक माणूस पुरतो, पण टिकला तर

हवाई बेटांतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी कित्येक दशकं माग ठेवला. दारिद्र्य, व्यसनी किंवा आजारी पालक, मोडलेली घरं अशी अनेक संकटं एकदम वाट्याला आलेली मुलं त्यांनी वेगळी नोंदवली. त्यांतली बहुतेक अडखळली. मात्र सुमारे एक तृतीयांश मुलं सरळ, समर्थ, दुसऱ्याची काळजी घेणारी माणसं झाली. या मुलांना तारणाऱ्या गोष्टींत एक ठळक होती. त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी मोठं माणूस असं होतं, ज्याचा भरवसा धरता आला. आजी, शेजारीण, शिक्षक, कुणीही. एक पुरलं होतं.

हे माणूस बाहेरून आणता येतं का, याची परीक्षा कुल्टरच्या चळवळीने दिली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० ते १६ वयाची ९५९ मुलं होती. अर्ध्यांना लगेच दादा-ताई मिळाले, अर्ध्यांना प्रतीक्षायादीवर ठेवलं. दीड वर्षानंतर पाहिलं, तर दादा-ताई मिळालेल्या मुलांत अमली पदार्थ सुरू करण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी होतं आणि शाळा बुडवण्याचं ५२ टक्क्यांनी. या जोड्यांनी अद्‌भुत असं काही केलं नव्हतं. महिन्यातून दोन-तीनदा भेटायचं, खेळायचं, खायचं, गप्पा मारायच्या.

पण त्याच आकडेवारीची पुढे जीन रोड्स आणि जीन ग्रॉसमन यांनी जास्त बारकाईने छाननी केली, आणि २००२ साली एक टोचणारी गोष्ट पुढे आली. ज्या जोड्या वर्षभर किंवा जास्त टिकल्या, त्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला. ज्या तीन महिन्यांच्या आत तुटल्या, त्या मुलांची स्वतःबद्दलची किंमत आधीपेक्षाही घसरली. म्हणजे अर्ध्यावर सोडून गेलेल्या दादापेक्षा दादा मिळालाच नसता तर बरं झालं असतं.

जरा विचार केला तर हे पटतं. बापाने टाकलेलं, नातेवाइकांनी फिरवलेलं, एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत गेलेलं मूल मनाशी एक हिशोब मांडून बसलेलं असतं, की माणसं येतात आणि जातात, आणि बहुधा दोष माझाच असतो. उत्साहाने आलेला आणि परीक्षेचं, नोकरीचं निमित्त सांगून गळालेला स्वयंसेवक त्या हिशोबावर शिक्का मारतो. बालगृहात पहिल्यांदा गेलेल्या कुणालाही निघताना एक प्रश्न ऐकू येतो, ‘दादा, परत कधी?’ हा प्रश्न लाडाचा वाटतो. मुलासाठी ती परीक्षा असते.

आव्हानाच्या मोहिमांनाही हाच नियम लागू पडला. १९६०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये गुन्ह्यांत सापडलेल्या ६० मुलग्यांना ‘आउटवर्ड बाउंड’ला धाडलं आणि ६० जणांना नेहमीच्या सुधारव्यवस्थेत ठेवलं. वर्षभराने पाहता नेहमीच्या व्यवस्थेतले शंभरातले ४२ पुन्हा गुन्ह्याकडे वळले होते, डोंगरावर गेलेल्यांत हे प्रमाण २० होतं. फरक लक्षणीय होता, पण पुढे वर्षं लोटली तसा तो ओसरत गेला. डोंगर चढून आलेला मुलगा त्याच गल्लीत, त्याच टोळीत परतला आणि खाली त्याचा हात धरायला कुणी नव्हतं.

बस मुंबईत परतली

हा धडा मुंबईतल्या एका संस्थेनेही आपल्या वाटेने गिरवला. मॅथ्यू स्पेसी हा इंग्रज गृहस्थ नोकरीनिमित्त मुंबईत होता आणि बॉम्बे जिमखान्यावर रग्बी खेळायचा. समोर फॅशन स्ट्रीटचा फुटपाथ. तिथली मुलं खेळ बघायला थांबत. त्याने त्यांना मैदानात घेतलं. मग सुट्टीच्या दिवशी बस काढून मुलांना शहराबाहेर न्यायला सुरुवात झाली. मुलांच्या दृष्टीने ती जादूचीच बस. १९९९ साली संस्था झाली, तीही ‘मॅजिक बस’ याच नावाने. कर्जतजवळ डोंगरांच्या कुशीत तिचं शिबिरकेंद्र उभं राहिलं.

पण सहलीने मूल आनंदी होतं, त्याचं आयुष्य बदलत नाही, हे हळूहळू उमगलं. बस रात्री परत यायची आणि वस्ती तीच असायची. त्यामुळे कामाचा भर वस्तीत, नियमित, खेळातून शिकवण्यावर गेला, आणि शिकवणारे झाले त्याच वस्तीतले तरुण स्वयंसेवक. हा बदल फार शहाणपणाचा. बाहेरून आलेला दादा रविवारी भेटतो. गल्लीतला दादा रोज नळावर दिसतो. आणि ‘हा माझ्यासारखाच होता’ हे वाक्य कुठल्याही भाषणापेक्षा जास्त काम करतं.

रान म्हणजे शिक्षा नव्हे

याच कल्पनेची एक काळी बाजूही आहे. अमेरिकेत ‘बिघडलेल्या’ मुलांना सरळ करण्यासाठी रानातल्या छावण्यांचा धंदाच उभा राहिला. कवायत, उपास, अपमान, जबरदस्तीची पायपीट. २००७ साली तिथल्या सरकारी लेखापरीक्षण यंत्रणेने संसदेपुढे अहवाल ठेवला. छळाच्या हजारो तक्रारी आणि अशा कार्यक्रमांत मेलेल्या दहा मुलांच्या प्रकरणांची चिरफाड त्यात होती. उन्हात कोसळलेल्या मुलांना ‘नाटक करतोय’ म्हणून सोडून दिलं गेलं होतं.

आपल्याकडेही ‘दोन दिवस डोंगरात नेऊन रगडा, सरळ होतील’ असं म्हणणारे भेटतात. ज्या मुलाला आयुष्याने आधीच रगडलंय, त्याला डोंगराने आणखी रगडण्याची गरज नसते. आव्हान आणि शिक्षा यांतला फरक एका शब्दाचा आहे. मुलाला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे. कड्याच्या टोकाशी जायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही, रात्री तंबूत झोपायचं नाही, असं म्हणणाऱ्याची टिंगल होता कामा नये. ट्रेकरला अंधार रम्य वाटतो. ज्या मुलीवर अंधारात काही गुदरलंय तिला तो तसा वाटेलच असं नाही.

एकच टेकडी, बारा वेळा

मग प्रत्यक्षात करायचं काय? आपला बालन्याय कायदा (२०१५) दोन प्रकारची मुलं मानतो, ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली’ आणि ‘विधिसंघर्षग्रस्त’. पहिली बालगृहांत असतात, दुसरी निरीक्षणगृहांत. त्यांना बाहेर न्यायचं तर संस्थेची आणि संबंधित यंत्रणेची रीतसर परवानगी हवी. अशा मुलांची ओळख उघड करायला कायद्याचीच बंदी आहे, म्हणून गडावरचा घोळक्याचा फोटो समाजमाध्यमांवर टाकायचा नाही. स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी आणि ओळखीच्यांकडून चौकशी झाली पाहिजे. एक मोठं माणूस आणि एक मूल असं दोघांनीच नजरेआड जायचं नाही. मुली असतील तर ताई हव्यातच. कुणाला हे नियम संशयी वाटतील, पण विश्वास ठेवायला शिकणाऱ्या मुलाला असं कुंपण लागतंच.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत, आणि त्यांतच बरेच उपक्रम अडखळतात. मुलांकडे बूट नसतात. चपला घसरतात, मग मूल ‘दमलो’ म्हणून मागे बसतं. पाण्याच्या बाटल्या, पावसाळी जॅकेट हे सामान संस्थेने साठवून आळीपाळीने वापरायचं. नाश्ता चढण्याआधी द्यायचा, कारण उपाशी पोटी कुणालाही सृष्टिसौंदर्य दिसत नाही. मुलींसाठी शौचाची सोय आधी पाहून ठेवायची. पावसाळ्यात धबधब्यांचा मोह टाळायचा. आणि प्रत्येक झाडाखाली थांबून व्याख्यान द्यायचं नाही. फुलाचं नाव सांगण्याआधी त्याचा वास घेऊ द्यावा. ‘मलाही माहीत नाही, शोधू या’ हे दादाच्या तोंडचं वाक्य मुलाला फार आवडतं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जागेची निवड. आपला ओढा राजगड, हरिश्चंद्रगड असल्या मातब्बर गडांकडे असतो. पण बारा किल्ले एकेकदा पाहण्यापेक्षा एकच टेकडी बारा वेळा चढणं या मुलांना जास्त काही देऊन जातं. मुंबईकरांना बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहे, शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचं रान, लोकलच्या तिकिटात. पुण्यात वेताळ टेकडी, नागपुरात अंबाझरीचा काठ, नाशकात पांडवलेण्यांचा डोंगर. फाल्गुनात पेटलेला पळस, वैशाखातली करवंदं, मृगाच्या तोंडावरचे काजवे, श्रावणातला तेरडा, भाद्रपदातली सोनकी – हे सगळं एकाच वाटेवर पाहिलेल्या मुलाला ती वाट आपली वाटू लागते. ज्या मुलाला पत्ता विचारला तर सांगता येत नाही, त्याच्यासाठी ‘आपलं झाड’ ही केवढी मालमत्ता असते. शिवाय झाड जागचं हलत नाही. पुढच्या वेळीही तिथेच असतं.

कोण कुणाला शिकवणार?

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. सगळीच मुलं रानाला पारखी नसतात. रायगड, ठाण्याच्या कातकरी पाड्यांतल्या मुलाला ओढ्यातला खेकडा कुठल्या दगडाखाली, कुठला कंद कधी खणायचा, हे शहरी दादापेक्षा किती तरी जास्त ठाऊक असतं. त्याच्यावरची जोखीम वेगळी आहे. पावसाळा सरला की घर उठून वीटभट्टीवर जातं, शाळा सुटते, आणि सहा-आठ महिने मूल विटांच्या धुरळ्यात वाढतं. त्याला ‘निसर्गाची ओळख’ करून द्यायला जाणं म्हणजे कोळ्याच्या पोराला पोहायला शिकवणं. तिथे मार्गदर्शक पाड्यातली आजी असू शकते आणि शिष्य शहरातला पदवीधर. बाहेरच्या दादाने करायचं ते एवढंच, की या मुलाला जे येतं ते ज्ञान आहे, असं त्याच्यासमोर आणि त्याच्या शाळेसमोर मोठ्याने म्हणायचं.

मिलार्डसाहेबांकडेही पाहा. त्यांनी मुलाला काय येत नाही हे मोजलं नाही. त्याच्या हातातल्या चिमणीपासून सुरुवात केली.

तारीख

सह्याद्रीच्या उतारांवर कारवी नावाचं झुडूप असतं. वर्षानुवर्षं नुसतं हिरवं राहतं आणि सात-आठ वर्षांनी एकदा सगळा डोंगर जांभळा करून टाकतं. आज नऊ वर्षांच्या मुलाने तो बहर पाहिला, तर पुढचा पाहताना त्याला मिसरूड फुटलेलं असेल. कदाचित बालगृह सोडायचं वयही जवळ आलेलं असेल. तोपर्यंत त्याच्याबरोबर कुणी टिकलं असेल का, हे आज सांगता येत नाही. सात वर्षांचं वचन कुणी देऊही नये. मुलं अशी वचनं ऐकून ऐकून शहाणी झालेली असतात.

त्याऐवजी एक छोटी गोष्ट करता येते. पहिल्या सहलीची तारीख ठरवतानाच दुसऱ्या सहलीची तारीख ठरवायची. बालगृहातल्या फळ्यावर ती लिहूनच पहिल्या खेपेला निघायचं. मग संध्याकाळी गाडीत बसताना, चिखलाने माखलेल्या पायांनी, कुणी ‘दादा, परत कधी?’ असं विचारलं, तर थाप मारावी लागत नाही, गोडही बोलावं लागत नाही. ‘फळ्यावर बघ’ म्हणायचं. आणि त्या तारखेला सकाळी, पाऊस असो वा नसो, दारात उभं राहायचं.